मीठमिरचीसकट

“आणि बस चुकली म्हंजे? दिवस मावळला म्हंजे? रोज उपाशी निजणार हाईस काय?”

धोंडूबाईंनी हे विचारलं तेव्हा त्यांच्या हातातली आमटीची पळी नवऱ्याच्या, बाळगोंडा आप्पांच्या, ताटावर तशीच थांबली होती. भांडण भाकऱ्या थापताना सुरू झालं होतं, ते आता जेवणापर्यंत येऊन पोचलं होतं. सूर्य मावळायच्या आत ताटं उचलायची ही घरची रीत. त्यामुळे सगळे घाईघाईनं जेवत होते आणि घाईघाईनंच भांडत होते.

“बसमध्येच जेवीन,” क्षमा म्हणाली. “डबा नेईन दोन वेळचा.”

“डबा करणार कोण?”

“मीच करीन की, आत्ती. पहाटे उठून.”

“आणि हितल्या सकाळच्या भाकऱ्या?”

“मग आता भाकऱ्या काय मी थापू काय?” अरिहंत म्हणाला. तो क्षमाचा नवरा आणि धोंडूबाईंचा एकुलता एक मुलगा. वातावरण जरा हलकं व्हावं म्हणून बोलला होता, पण सासूसुना दोघींनीही त्याच्याकडं असं काही पाहिलं की त्यानं पुढचा भात मान खाली घालून संपवला.

क्षमाला बेळगावात नोकरी लागली होती. खडेबाजाराच्या मागच्या गल्लीत, एका लहानशा कंपनीत. गावोगावच्या दूध संस्थांसाठी कॉम्प्यूटरचे प्रोग्राम लिहायचे. सोमवारी रुजू व्हायचं होतं. रोज सकाळच्या बसनं जायचं, संध्याकाळच्या बसनं यायचं. हे तिनं सांगितल्यापासून धोंडूबाईंनी बस, ऊन, थंडी, रस्ता, भाकऱ्या आणि शेजारीपाजारी अशी एकेक हरकत काढली होती, आणि क्षमानं एकेक परतवली होती. पण खरी हरकत अजून बाहेर आली नव्हती आणि ती काय आहे हे दोघींना चांगलं ठाऊक होतं.

शेवटी ती आलीच. “तू गेलीस म्हंजे शिधा गेला,” धोंडूबाई म्हणाल्या. “मग मी काय करू?”

निपाणी-चिकोडी पट्ट्यात कुठल्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, पूजा असो नाहीतर घरी लग्न असो, जैन पद्धतीचं जेवण म्हटलं की धोंडूबाईंना आणि त्यांच्या हाताखालच्या रांधणाऱ्या बायकांना बोलावणं येई. कांदा, लसूण, बटाटा नाही. पाणी गाळून घेतलेलं. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी वर्ज्य. शेवटची पंगत दिवस मावळायच्या आत उठलेली. किती पानांना किती तांदूळ, किती तूरडाळ, किती वाजता चूल पेटवली तर पंगत वेळेत उठेल, हा सगळा पसारा बाई डोक्यात ठेवत. पुढं कामं वाढली. चिकोडीला त्यांची धाकटी बहीण मनुबाई हिनं दुसरी चूल मांडली. चुली दोन झाल्या, डोकं एकच राहिलं. मग दिवसभर फोन.

क्षमा लग्न होऊन आली ती कॉम्प्यूटर शिकून. पहिलं वर्षभर तिनं सासूचे हे फोन ऐकले. मग एक दिवस तिनं सासूच्या डोक्यातलं सगळं विचारून विचारून घेतलं आणि एक प्रोग्राम लिहिला. त्याचं नाव शिधा. गाव टाका, तारीख टाका, पानं किती ते टाका; कुठल्या दिवशी काय रांधायचं, किती जिन्नस आणायचे, किती वाजता शेवटची पंगत बसवायची, सगळं कागदावर. धोंडूबाईंनी पहिल्यांदा तो कागद पाहिला तेव्हा चष्मा पुसून दोनदा वाचला आणि एवढंच म्हणाल्या की तूप जरा कमी धरलंस. पण त्यानंतर त्यांनी डोक्यातला हिशेब सांगणं सोडलं. “क्षमाला इचारा,” म्हणू लागल्या.

अडचण एवढीच होती की शिधा क्षमाच्या लॅपटॉपवरच चालायचा, आणि तोही क्षमानं काळी खिडकी उघडून त्यात इंग्रजीत चार शब्द टाइप केले तर. एकदा ती माहेरी गेली होती. लॅपटॉप घरीच होता. अरिहंतनं तो उघडला, तिला फोन लावून एकेक अक्षर टाइप केलं, आणि तासाभरानं सगळं बंद करून “आई, तू आपलं अंदाजानं घे” म्हणाला. त्या दिवशी शेवटची पंगत अर्ध्या जेवणात असताना दिवस मावळला. माणसं भरल्या ताटावरून उठली. धोंडूबाई पुढं महिनाभर त्या गावच्या रस्त्यानं गेल्या नाहीत.

“शिधा माझ्याशिवाय चालला तर?” क्षमानं विचारलं.

“कसा चालंल?”

“चालला तर, आत्ती?”

धोंडूबाईंनी पळी आमटीत ठेवली. “मनूकडं चालवून दाखीव. जिनूच्या दुकानात. तू हात लावायचा न्हाईस. पौर्णिमेच्या पूजेची यादी बरोबर आली तर बघू.”

“बघू न्हाय. जा म्हणा.”

“आली तर जा.”

आप्पांनी खिडकीतून बाहेर पाहिलं आणि ताट बाजूला सरकवलं. “मावळला,” ते म्हणाले, आणि भांडण त्या दिवसापुरतं संपलं.

*

मनुबाईच्या मुलाचं, जिनेंद्रचं, चिकोडीच्या स्टँडजवळ झेरॉक्सचं दुकान होतं. त्याच्या कॉम्प्यूटरवर शिधा चालवायचा प्रयत्न क्षमानं पूर्वी केला होता. शिधा म्हणजे काही एक फाइल नव्हती. सूर्यास्ताचं गणित एका फाइलमध्ये, जिनसांची मापं दुसरीत, छपाई तिसरीत, आणि या सगळ्यांना कामाला लावणारी आणखी एक. शिवाय ज्या भाषेत हे लिहिलं होतं ती पायथन भाषा त्या कॉम्प्यूटरवर आधी बसवायला हवी, आणि तिच्यासोबत इतरांनी लिहून ठेवलेल्या चार-दोन तयार गोष्टी. जिनेंद्रनं फोनवर विचारत विचारत हे बसवलं. एक बसलं की दुसरं नाही म्हणून ओरडायचं, दुसरं बसलं की तिसरं. शेवटी तो म्हणाला, वहिनी, ह्यापेक्षा तुम्हीच या की बसनं.

आता तिनं वेगळाच मार्ग धरला. सगळ्या फाइली, ती भाषा, त्या उसन्या गोष्टी, सगळं एकत्र बांधून एकच फाइल करायची. समोरच्या कॉम्प्यूटरवर काहीही नसलं तरी चाललं पाहिजे. नुसतं दोनदा क्लिक करायचं. तसं बांधून देणारं साधन फुकट मिळतं हे तिला माहीत होतं, फक्त कधी गरज पडली नव्हती. नोकरीच्या मुलाखतीत साहेबांनी शिधा पाहून विचारलं होतं, हे दुसऱ्या कुणाच्या कॉम्प्यूटरवर चालतं का? ती ‘अजून नाही’ म्हणाली होती, आणि तो ‘अजून’ तेव्हापासून तिला टोचत होता.

धोंडूबाईंना तिनं हे समजावलं तेव्हा फार बोलावं लागलं नाही. श्रवणबेळगोळच्या यात्रेला निघायचं तर धोंडूबाई स्वतःचं पीठ, डाळ, तूप, मीठ, मिरची, पाणी गाळायचं फडकं, पातेली आणि स्टोव्ह असं सगळं एका बोचक्यात बांधून घेत. वाटेत कुणाकडं चिमूटभरसुद्धा मागायचं नाही.

“म्हंजे बोचकं,” त्या म्हणाल्या.

“व्हय. मीठमिरचीसकट.”

“मग त्यात एवढं काय अवघड हाय?” असं म्हणून त्या शेवया उचलायला गच्चीवर गेल्या.

दुपारी क्षमानं बांधायला घेतलं. पहिल्या खेपेला काळ्या खिडकीत अक्षरांचा लोंढा सुरू झाला तो थांबेचना, आणि शेवटी काहीतरी सापडत नाही म्हणून सगळं बंद पडलं. तिनं ते शोधलं, कुठं आहे ते साधनाला सांगितलं, पुन्हा चालवलं. पुन्हा लोंढा. या खेपेला तो बराच पुढं गेला. क्षमा मांडीवर लॅपटॉप घेऊन माजघराच्या जमिनीवर बसली होती आणि आपण ओठ चावतोय हे तिला कळत नव्हतं. अरिहंत टेम्पो लावून आत आला, तर तिनं त्याच्याकडं न बघता हात वर करून गप्प बसायची खूण केली. तोही चपला न काढता दारात उभा राहिला. ओळी थांबल्या. फोल्डरमध्ये एक नवीन फाइल आली होती. शिधा. एकच.

तिनं क्लिक केलं. काहीच झालं नाही. अरिहंतनं तोंड उघडलं, तेवढ्यात खिडकी उघडली. गाव? तारीख? पानं? काळी खिडकी नाही, इंग्रजी शब्द नाहीत. तिनं मुद्दाम चतुर्दशीची तारीख टाकली. यादीत हिरवी भाजी नव्हती. वरण, कढी, पापड, सांडगे. बरोबर.

“अहो, झालं,” ती म्हणाली आणि लॅपटॉप मांडीवरून खाली ठेवून उभी राहिली, मग बसली, मग पुन्हा उभी राहिली. तिला काय करावं कळेना, म्हणून तिनं अरिहंतच्या हाती पेन ड्राइव्ह दिला, परत घेतला आणि स्वयंपाकघरात जाऊन मूठभर शेंगदाणे खाल्ले. अरिहंत म्हणाला, एवढा आनंद तुला लग्नात झाला नव्हता. ती म्हणाली, लग्नात एवढं काम मी कुठं केलं होतं.

गच्चीवरून धोंडूबाईंचा आवाज आला. “घरात चाललं त्यात काय? चिकोडीत चालू दे.”

*

दुसऱ्या दिवशी टेम्पोत अरिहंत चालवायला, मधे धोंडूबाई, कडेला क्षमा. धोंडूबाईंनी नवी इरकल नेसली होती. बहिणीकडं जायचं म्हणजे त्यांना ते लागेच.

ठरल्याप्रमाणे क्षमा दुकानाच्या पायरीवर थांबली. जिनेंद्रनं पेन ड्राइव्ह लावला, शिधावर क्लिक केलं आणि खुर्ची मागं सरकवली. पडद्यावर मोठी निळी चौकट आली होती. हा प्रोग्राम ओळखीचा नाही, धोका असू शकतो.

“मावशी, व्हायरस हाय ह्यात,” तो म्हणाला.

“माझ्या सुनेच्या हातचा हाय,” धोंडूबाई म्हणाल्या. “उघड.”

क्षमानं पायरीवरूनच सांगितलं की नवख्या माणसाला दारात अडवतात तसं आहे ते, चौकटीतच ‘तरीही चालवा’ असं सापडेल. तोंडानं सांगितलेलं चालेल की नाही यावर थोडा वाद झाला. मनुबाईनं निवाडा दिला की हात लावला नाही म्हणजे झालं. जिनेंद्रनं क्लिक केलं. सगळे वाट बघत राहिले. पंखा फिरत होता. कुणीतरी आधार कार्डाची झेरॉक्स मागायला आलं, त्याला जिनेंद्रनं हातानंच थांबवलं.

खिडकी उघडली. गाव? तारीख? पानं?

“आयतु, आयतु,” मनुबाई कानडीत झालं झालं म्हणून टाळ्या वाजवू लागली. जिनेंद्रनं त्रयोदशीपासून पौर्णिमेपर्यंतच्या पूजेचं सगळं टाइप केलं. प्रिंटर गुरगुरला, एकेक दिवसाचा एकेक कागद पडू लागला. त्यानं पहिला उचलून मोठ्यानं वाचला. तांदूळ, तूरडाळ, गूळ, तूप, आणि शेवटची पंगत किती वाजता. धोंडूबाई प्रत्येक मापाला मान हलवत होत्या. त्रयोदशीचा कागद संपला तेव्हा त्यांनी बहिणीच्या पाठीवर थाप मारली.

“मने, सोमवारपासनं माझी सून बेळगावला जाणार. कंपनीत. खडेबाजाराच्या मागं हाय म्हणं.”

“आक्का, लई भारी काम केलं गं पोरीनं,” मनुबाई म्हणाली आणि साखर आणायला आत वळली.

क्षमा पायरी चढून आत आली होती. तिला नुसतं आपलं काम कागदावर कसं दिसतं ते बघायचं होतं. तिनं प्रिंटरवर पडलेला दुसरा कागद उचलला. तो चतुर्दशीचा. वर तारीख बरोबर, पानं बरोबर, सूर्यास्त बरोबर. खाली भाजीच्या ओळीत मेथी होती. तिच्याखाली दोडका.

तिनं पुन्हा वाचलं. मेथीच होती.

घरी तर हीच तारीख तिनं टाकून पाहिली होती. दुकानात सगळे आनंदात होते. जिनेंद्र आधार कार्डवाल्याला शिधा कसा चालतो ते दाखवत होता. धोंडूबाईंचा चष्मा टेम्पोतच राहिला होता. कागद घडी करून पिशवीत टाकला असता, घरी जाऊन दुरुस्त करून रात्रीत दुसरी फाइल पाठवली असती, तर कुणाला पत्ता लागला नसता. ‘जा’ हे धोंडूबाई बोलून चुकल्या होत्या आणि तेही मनुबाईसमोर. मनुबाईसमोर बोललेला शब्द धोंडूबाई मागं घेत नसत.

“आत्ती, थांबा,” क्षमा म्हणाली. “हे चुकलंय. चतुर्दशीला मेथी आलीया.”

मनुबाई साखरेची वाटी घेऊन दारातच थांबली. धोंडूबाईंनी कागद हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. मग घडी करून कमरेला खोचला.

“बरं झालं बाई, आधीच बघितलंस,” मनुबाई म्हणाली. “न्हायतर आम्ही बस्तीच्या दारात मेथी निवडत बसलो असतो. साखर राहू दे आता?”

“ठेव जपून,” धोंडूबाई म्हणाल्या.

*

टेम्पो परतीच्या वाटेला लागला. दोन्ही बाजूंना ऊस तोडायला आला होता. अरिहंतनं एकदा गाणं लावून बघितलं आणि आईनं त्याच्याकडं बघितल्यावर बंद केलं.

“तू बोलली नसतीस तर?” धोंडूबाईंनी समोर बघतच विचारलं.

“तर काय?”

“कुणाला कळलं असतं?”

“मनुमावशींना. मेथीची पेंडी हातात घेतल्यावर.”

धोंडूबाई हुंकारल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, “घरात बरोबर आलती ना?”

“आलती. हीच तारीख.”

“मग तिथं तेवढंच कसं राहिलं?”

क्षमा तेच शोधत होती. सूर्यास्त बरोबर आला, मापं बरोबर आली, तिथीच तेवढी गेली. तिथी कुठं होती? आणि मग एकदम तिला सापडलं. ती टेम्पोत हसायला लागली. आधी हळू, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत. अरिहंतनं गाडी कडेला घेतली.

तिथीची फाइल देवघरात होती.

पहिल्या वर्षी तिनं सगळं ‘स्वयंपाक’ नावाच्या एकाच फोल्डरमध्ये ठेवलं होतं. धोंडूबाई एकदा मागं उभ्या राहून बघत होत्या. पंचांगाची फाइल मेथी, दोडका आणि तुपाच्या रांगेत दिसली तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, पंचांग असं खरकट्यात ठेवतात काय? घरात पंचांग देवघराच्या फळीवर असे, स्वयंपाकाच्या हातानं कुणी त्याला शिवत नसे. क्षमाला तेव्हा गंमत वाटली होती आणि सासूचं मनही राखायचं होतं. तिनं लॅपटॉपवर अगदी वेगळ्या जागी एक फोल्डर केलं, त्याला ‘देवघर’ नाव दिलं आणि तिथीची फाइल त्यात ठेवली. शिधाला सांगून ठेवलं की तिथी बघायची तर देवघरात जा. काल बोचकं बांधताना तिनं स्वयंपाकघर सगळं बांधलं. देवघर बांधायचं राहिलं. घरी देवघर जागेवर होतं, म्हणून शिधा बिनबोभाट तिथं जाऊन तिथी बघून आला. चिकोडीत देवघरच नव्हतं.

“आणि देवघर न्हाय म्हणून त्यानं सांगायचं न्हाय?” धोंडूबाईंनी विचारलं.

ती दुसरी चूक होती आणि ती मात्र हसण्यासारखी नव्हती. अगदी सुरुवातीला तिथीची फाइल तयारच नव्हती, तेव्हा क्षमानं लिहून ठेवलं होतं की तिथी सापडली नाही तर साधा दिवस धरून पुढं चल. ते तसंच राहून गेलं होतं.

धोंडूबाई हसल्या नाहीत. पण टेम्पो पुन्हा सुरू झाल्यावर त्या म्हणाल्या, “देवघर मी सांगितलं म्हणून केलंस तू.”

“व्हय.”

“तरीपण बांधायला पायजे होतंस.”

“व्हय, आत्ती.”

“मिठाचं विसरलीस तू. गोठ्यात का न्हाय चालवलंस आधी?”

गोठा म्हणजे या घरची परीक्षा. कुठंही यात्रेला निघायच्या आदल्या दिवशी धोंडूबाई बांधलेलं बोचकं गोठ्याच्या टोकाच्या खोलीत नेऊन त्यातल्याच सामानावर एक वेळचं रांधत. घरातून काही आणायला बंदी. एकदा मीठ राहिलं होतं, तर सगळ्या घरानं त्या दिवशी अळणी आमटी खाल्ली होती. स्वयंपाकघरात बोचकं उघडून बघितलं तर काय कळणार, असं त्यांचं म्हणणं. मीठ हाताशी असतंच, हात आपोआप जातो आणि राहिलेलं राहून जातं.

क्षमानं हे लग्न झाल्यापासून बघितलं होतं. तिनं कपाळावर हात मारला.

*

शनिवारी सकाळपासून घरात कुणी धड चहा घेतला नाही. क्षमानं देवघर बोचक्यात घातलं आणि शिधाला नवीन सांगून ठेवलं की तिथी लॅपटॉपच्या त्या ठरलेल्या जागी शोधायची नाही, आपण जिथं उघडलो तिथं, आपल्याच बोचक्यात शोधायची. मग जुनं देवघर तिनं लॅपटॉपवरून काढून टाकलं, म्हणजे चुकून सुद्धा हात जायला नको. ते काढताना ती क्षणभर थांबली. धोंडूबाई मागंच उभ्या होत्या.

“पंचांग आता जिनसांच्यात जाणार,” क्षमा म्हणाली.

“बोचक्यात सोवळं-ओवळं एकत्रच असतंय,” धोंडूबाई म्हणाल्या. “यात्रेत मी काय देवाला डोक्यावर घेऊन जातीया? बांध.”

अरिहंतनं पडवीतला जुना कॉम्प्यूटर काढला. टेम्पोच्या पावत्या काढायला म्हणून घेतला होता, त्यावर गेल्या पावसाळ्यापासून चिमणीनं घरटं बांधायचं तेवढं बाकी होतं. तो पुसला. धोंडूबाई म्हणाल्या गोठ्यात न्या. क्षमानं सांगितलं की पडवीतसुद्धा चालेल, यात जागेचा काही संबंध नाही. धोंडूबाई म्हणाल्या, गोठ्यात न्या. मग अरिहंत पडदा उचलून पुढं, आप्पा कीबोर्ड घेऊन मागं, क्षमा वायर गोळा करत त्यांच्यामागं, अशी वरात निघाली. टोकाच्या खोलीत कडब्याच्या पेंढ्या बाजूला करून स्टूल मांडलं. म्हशी मान वळवून बघू लागल्या.

पेन ड्राइव्ह लावून झाल्यावर धोंडूबाई म्हणाल्या, “आता तुम्ही दोघं भायेर.”

“आई, तुला माऊस धरता येतोय का?” अरिहंतनं विचारलं.

“उलथणं धरता येतंय.”

क्षमा आणि अरिहंत हौदाजवळ उभे राहिले. आतून बराच वेळ नुसता आप्पांचा आवाज येत होता. इथं दाब, हितं न्हाय, वर, खाली. मग तोही थांबला. क्षमानं हौदात हात बुडवला, काढला, पदराला पुसला, पुन्हा बुडवला. अरिहंत म्हणाला, काय होतंय ते होऊ दे, कंपनीवाल्यांना सांगू पुढच्या महिन्यात येतो म्हणून. ती म्हणाली, तुम्ही गप्प बसा. तिचे कान आतल्या प्रिंटरवर होते. तो प्रिंटर जिनेंद्रनं उसना दिला होता.

प्रिंटर गुरगुरला. एक कागद. दुसरा. तिसरा.

धोंडूबाई वाचत असणार. आज चष्मा होता. म्हशीनं शेपूट आपटली ती सुद्धा ऐकू आली.

“आत या,” धोंडूबाई म्हणाल्या.

चतुर्दशीच्या कागदावर वरण, कढी, पापड, सांडगे होते. मेथी त्रयोदशीच्या कागदावर, जिथं असायची तिथं. क्षमानं खाली बघितलं, वर बघितलं आणि तिथल्या तिथं कडब्यावर बसली. पण धोंडूबाईंनी अजून माऊस सोडला नव्हता.

“आता हे काय म्हणतंय ते सांग,” त्या म्हणाल्या.

त्यांनी आपल्या मनानंच पुढच्या सालची एक तारीख टाकून बघितली होती. तिथीची फाइल चालू सालापुरतीच होती. कागद आला नव्हता. पडद्यावर क्षमानं त्या सकाळी लिहिलेलं वाक्य होतं: या दिवसाची तिथी माझ्याजवळ नाही. चूल पेटवू नका.

धोंडूबाईंनी ते मोठ्यानं वाचलं. मग पुन्हा वाचलं, आणि या खेपेला आप्पांकडं बघून वाचलं.

“म्हाईत न्हाय तर म्हाईत न्हाय म्हणतोय,” त्या म्हणाल्या. “अंदाजानं रेटत न्हाय.”

“पाडव्याला नवं पंचांग आलं की मी नवं बोचकं बांधून देईन,” क्षमा म्हणाली.

“ते पाडव्याचं पाडव्याला.”

फाइल जिनेंद्रला पाठवली. त्याचा फोन आला तेव्हा दुकानातला गलका इथपर्यंत ऐकू येत होता. निळी चौकट आली, त्यानं दारातून आत घेतलं, चतुर्दशीला मेथी नाही, दोडका नाही. मागून मनुबाई ओरडून सांगत होती की साखर अजून ठेवलेली आहे. धोंडूबाई फोनमध्ये म्हणाल्या की यादी खाली ठेव आणि डाळ निवडायला घे. फोन ठेवल्यावर गोठ्यातला कॉम्प्यूटर त्यांनी घरात, माजघरात, स्वतःच्या दिवाणाशेजारी मांडायला लावला आणि त्यावर धुतलेला टॉवेल टाकला.

‘मग जाऊ काय?’ असं क्षमानं एकदा विचारायचं ठरवलं, पण धोंडूबाई तूप कढवत होत्या आणि तूप कढवताना त्यांना कुणी काही विचारत नसे.

संध्याकाळी ताटं मांडली. उन्हं खिडकीच्या खालच्या गजापर्यंत आली होती. आप्पांना भाकरी, अरिहंतला भाकरी, क्षमाला भाकरी. धोंडूबाईंनी स्वतःच्या ताटात भात घेतला, त्यावर वरण ओतलं, कालवलं, आणि पहिला घास घ्यायच्या आधी म्हणाल्या, “सोमवारपासनं क्षमा बेळगावला कामाला जाणार. दोन वेळचा डबा मी करणार. सकाळच्या भाकऱ्या अरिहंत थापणार.”